यकृतासाठी वाघ

वाघ यकृतासाठी, हरीण मूत्रपिंडांसाठी, अस्वल प्लीहेसाठी, माकड हृदयासाठी आणि सारस फुप्फुसांसाठी. ही वाटणी मला एका चिनी बाईंनी सांगितली, जर्सी सिटीत, नदीकाठी, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत असताना. मी विम्याच्या धंद्यात आहे, धोक्याचा हिशेब करतो. कोणती गोष्ट किती जणांच्या बाबतीत घडते आणि किती जणांच्या बाबतीत घडत नाही, यावर माझं पोट चालतं. वाघासारखे पंजे केले की यकृत सुधारतं, असं कुणी एरवी म्हटलं असतं तर मी मान हलवून पुढे गेलो असतो. त्या वर्षी गेलो नाही, कारण माझ्या यकृतात अठरा टक्के चरबी होती आणि त्या यकृताचा मोठा भाग मला ताईला द्यायचा होता.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नागपूरला असते. तिच्या शरीराने स्वतःच्याच यकृताशी वैर धरलं होतं. दारू सोडा, ती चहासुद्धा अर्धाच कप घेते. डॉक्टरांनी प्रत्यारोपण सांगितलं आणि घरातलं कोणी देणारं असेल तर वाट पाहावी लागणार नाही, असंही सांगितलं. भाऊजींची बायपास झालेली, शिवाय साखर. एकुलती एक मुलगी द्यायला तयार होती, पण तिचं बाळ लहान. ताईने तिथेच विषय संपवला. "लेकरू अंगावर पितं तिचं. तिला हात लावला तर मी टेबलावर झोपणारच नाही," असं तिने सर्जनला तोंडावर सांगितलं. राहिलो मी. रक्तगट जुळला. इथे एमआरआय करून रिपोर्ट नागपूरला पाठवला. तिथल्या सर्जननी फोनवर शांतपणे सांगितलं, "बाकी सगळं उत्तम आहे. चरबी दहाच्या खाली आणा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

दात्याच्या जिवाला किती धोका असतो ते मी वाचून काढलं. आकडा लहान होता. लहान आकडे मी रोज हाताळतो. त्यांच्याशी माझी ओळख आहे. भीती वाटली नाही असं नाही, पण ती आकड्याएवढीच वाटली.

माझी बायको आणि मुलगी टेक्सासमध्ये, अर्विंगला राहतात. बायकोची नोकरी तिकडे गेली, मग मुलीची शाळा तिकडे लागली, घरही तिकडेच घेतलं. माझं ऑफिस मॅनहॅटनमध्ये, आणि आठवड्यातले निम्मे दिवस तिथे तोंड दाखवावंच लागतं. म्हणून मी इथे, नदीपलीकडे, एका उंच इमारतीत भाड्याने. "दोन वर्षांचा प्रश्न आहे," असं आम्ही म्हणालो होतो. तो प्रश्न तेव्हा पाचव्या वर्षात होता. फ्लॅट चांगला आहे. इतक्या वर रस्त्याचा आवाज येत नाही. डिशवॉशर मी लावत नाही, कारण एका माणसाच्या भांड्यांनी तो भरतच नाही.

यकृताचं मी बायकोला फोनवरच सांगितलं. मागे मिक्सर चालू होता, तो तिने बंद केला.

"मी नाही म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण हो पण म्हणणार नाही. ते माझ्याकडून वदवून घेऊ नकोस."

"मी विचारत नाहीये. सांगतोय."

"तेच म्हणते मी. तू सांगतोस."

मुलीने फोन घेतला. "बाबा, डझ इट ग्रो बॅक?"

"हो. बऱ्यापैकी परत वाढतं."

"दॅट्स सो कूल," ती म्हणाली आणि फोन पुन्हा आईकडे गेला. आईला आता अर्विंगच्या घराच्या छपराखालच्या गळक्या गटरबद्दल बोलायचं होतं. आम्ही गटरबद्दल बोललो.

माझ्या डॉक्टरांनी सरळ उपाय सांगितला होता: वजन उतरवा, साखर सोडा, रोज घामाघूम व्हा. मी सकाळी नदीकाठाने चालायला लागलो. तिथे दोन इमारतींच्या मधल्या चौकात दहा-बारा चिनी म्हातारी माणसं जमत. बहुतेकांची मुलं मॅनहॅटनला नोकरीला. आई-बाप नातवंडं सांभाळायला आलेले. नातवंडं शाळेत पोचवली की ही मंडळी चौकात येत आणि हळूहळू प्राणी होत. दुसरा शब्द मला सुचत नाही. जाड जाकिटं घातलेली माणसं एकाच वेळी हात वर नेत, बोटं ताणत, ती आत वळवत आणि कशावर तरी झेप घेतल्यासारखी कमरेतून पुढे वाकत. मी कठड्याला टेकून पाहत उभा राहायचो. एके दिवशी पुढे उभ्या असलेल्या बाईंनी न वळताच मला हाताने बोलावलं. जागा दाखवली. शेवटची रांग, डावीकडे. ती जागा पुढे माझीच झाली.

बाई सत्तरीच्या असाव्यात. तिकडे बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना लाओशी म्हणत, म्हणजे शिक्षिका. त्यांचं इंग्रजी थोडकं होतं आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती. मला त्यांनी नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं, सोडून दिलं. मग मी "इंडिया" झालो. "इंडिया, लेट टुडे." "इंडिया, नी बेंड." घरातून निघाल्यावर मला हाक मारणारं तेवढंच कोणी होतं, त्यामुळे देशाच्या नावानेही चालत होतं.

हा व्यायाम जुना आहे, शेकडो वर्षांचा, असं त्या म्हणाल्या. पाच प्राणी, ठरलेल्या क्रमाने. वाघात पंजे आणि डोळे. हरणात कंबर पिळायची, म्हणजे मूत्रपिंडांच्या जागेला ताण बसतो. अस्वलात पोटाभोवती गोल गोल डोलायचं. जेवण जड झालं असेल तर याने खरोखर बरं वाटतं, हे मी स्वतःच्या पोटावर पाहिलं. माकडात खांदे एकदम कानांपर्यंत उचलायचे, टाचा वर, आणि चोरासारखी बाजूला नजर. सारसात हात पसरून सावकाश श्वास. आपल्याकडे शाळेत सूर्यनमस्कार घालताना मास्तर आकडे मोजत आणि आम्ही ते संपण्याची वाट पाहत असू. इथे कोणी मोजत नव्हतं. पहिले काही दिवस मला ते फार जड गेलं.

वाघ मला जमत नव्हता. पंजे बरे होत, पण बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहत आणि माझ्या डोळ्यांत पाहत.

"टायगर हंग्री," त्या म्हणाल्या. "टायगर लुकिंग. यू नॉट लुकिंग. यू चेकिंग."

मागची एक म्हातारी हसली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा दिसत होता.

मी विश्वास ठेवत नव्हतो, हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. माझ्या डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, हालचाल चांगली, श्वास चांगला, वजन उतरेल तर यकृतही सुधारेल. पण अमुक प्राण्याने अमुक अवयव सुधारतो याला त्यांच्याकडे काही आधार नाही. हे मला पटलं. तरीही मी चौकात सगळ्यांच्या आधी जाऊन एकटाच वाघ करू लागलो. नुसता वाघ, पुन्हा पुन्हा. माझा हिशेब असा होता की पाचांपैकी एकच माझ्या कामाचा आहे, तर वेळ त्यालाच द्यावा. औषधाचा डोस वाढवावा तसा मी वाघ वाढवला. खोटा असला तर नुकसान नाही, खरा असला तर फायदा, आणि असाच हिशेब मी आयुष्यभर इतरांसाठी केलेला आहे.

एका सकाळी बाई लवकर आल्या आणि मला पकडलं.

"व्हाय ओन्ली टायगर?"

"लिव्हर," मी म्हणालो.

त्यांनी दोन बोटं माझ्या उजव्या बरगडीखाली खुपसली. "यू सिक?"

"नो. माय सिस्टर." मग मी फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने सगळं लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. परत वाचलं. मग माझा फोन माझ्या खिशात घातला, जसा लहान मुलाच्या खिशात रुमाल घालतात.

"ओन्ली टायगर नो गुड," त्या म्हणाल्या. "ओन्ली टायगर, व्हेरी अँग्री मॅन. फाइव्ह. ऑल्वेज फाइव्ह. लिव्हर नॉट लिव्ह अलोन."

मी विचारलं, की खरंच होतो का फायदा, वाघाने यकृताला? मला वाटलं त्या हो म्हणतील. त्या नदीकडे पाहत राहिल्या.

"मेबी. माय हजबंड डू एव्हरी डे. एव्हरी डे, फाइव्ह. स्टिल डाय."

"मग तुम्ही का करता?"

"मॉर्निंग व्हेरी लाँग," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

त्या दिवशी व्यायाम संपल्यावर त्यांनी मंडळींना चिनीत काहीतरी सांगितलं. सगळे माझ्या उजव्या बरगडीकडे पाहू लागले. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत कारली आणून दिली. त्यांची कारली आपल्यापेक्षा फिकी आणि गुळगुळीत असतात. पण कडू तेवढीच. "लिव्हर," ते गंभीरपणे म्हणाले. नंतर दर आठवड्याला पिशवी येत राहिली. मी कधी काचऱ्या केल्या, कधी चिंच घालून रस्सा केला, गूळ मात्र घातला नाही. नुसत्या वाघावर मी त्यानंतर परत गेलो नाही. पाचही करू लागलो.

व्यायाम संपला की मी तिथेच कठड्यावर बसून ताईला फोन लावत असे. तिच्याकडे संध्याकाळ झालेली असे. त्याआधी वीस वर्षं आम्ही भाऊबीज, वाढदिवस आणि कुणाच्या जाण्याचे फोन एवढ्यावर चालवलं होतं. आता रोज बोलत होतो. तिचे डोळे पिवळे दिसत, पाय सुजलेले असत, पण तोंड होतं तसंच होतं.

"काय करून राहिला तू? झाला का वाघ?"

"झाला."

"दाखव ना मग."

मी फोन कठड्यावर टेकवून पंजे करून दाखवले. जाणारा एक माणूस थबकला.

"मांजर वाटून राहिलं," ताई म्हणाली. "माझ्यासाठी मांजराचं यकृत पाठवतोस काय रे?"

"वजन चार किलो उतरलंय."

"चेहऱ्यावरून उतरलं. पोटावरून नाही उतरलं." मग आवाज खाली करून, "बायको काय म्हणते?"

"काही नाही म्हणत."

"म्हणजे नाही म्हणते. तिचं बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर तुला खोलीत कोंडलं असतं."

मी तिला माझ्या जेवणाचं सांगायचो, ती तिच्या जेवणाचं. मिठाशिवाय वरण कसं लागतं यावर ती बराच वेळ बोलू शकत असे. बत्तिसाव्या मजल्यावर परत जाताना लिफ्टमध्ये मला वाटायचं की आज कुणीतरी माझ्यावर अवलंबून आहे. हे तेव्हा मी शब्दांत मांडलं नव्हतं. लिफ्टचं दार उघडल्यावर फ्लॅट तेवढा रिकामा वाटत नसे, एवढंच मला कळत होतं.

तपासणीची तारीख ठरली. इन्शुरन्सच्या मंजुरीमुळे ती एकदा पुढे गेली; त्या धंद्यात असल्यामुळे मला कुणावर रागावताही आलं नाही. ऑफिसात रजा मंजूर झाली. कपाटावरची मोठी बॅग मी खाली काढली आणि नागपूरच्या उन्हाळ्याच्या हिशेबाने सुती सदरे भरायला घेतले.

मग एका सकाळी ताईच्या फोनवर भाचीचा आवाज आला.

"मामा, आईला ॲडमिट केलंय. परवापासून. तुला मुद्दाम सांगितलं नाही."

"काय झालं?"

"भान राहत नव्हतं तिला. मला ओळखलं नाही. डॉक्टर म्हणतात, आता थांबता येणार नाही."

"मी उद्याच्या विमानाने निघतो. तपासणी तिथेच करू."

"मामा, माझ्या टेस्ट झाल्यात. मी मागच्याच महिन्यात करून घेतल्या, आईला न सांगता. सगळं मॅच आहे. परवा सकाळी ऑपरेशन आहे."

"आणि बाळ?"

"वरच्या दुधावर आणलं. सासूबाई बघतायत." मग ती लहानपणी बोलायची तशा आवाजात म्हणाली, "रागावलास?"

मी रागावलो नव्हतो. मी म्हणालो, "नाही गं. शहाणी आहेस." फोन ठेवला आणि कठड्यावर बसून राहिलो. त्या क्षणी मला जे वाटलं त्यात भीती होती, दोघींसाठी, आणि सुटका होती, माझ्या स्वतःच्या पोटासाठी. पण त्या दोन्हींच्या खाली आणखी एक होतं आणि ते चांगलं नव्हतं: जिथे मी उभा होतो तिथे आता दुसरं कोणी उभं होतं. आणि ते योग्यच होतं. मुलगीच ती. मी हे मनाशी अनेकदा म्हणालो.

ऑपरेशन नीट झालं. भाऊजींनी दोघींची खबर दिली: आधी मुलीची, मग आईची. मी निघतो म्हणालो तेव्हा ते म्हणाले, आत्ता येऊन उपयोग नाही, इन्फेक्शनच्या भीतीने ताईला काचेतूनच बघायला देतात, आणि घरात बाळ, मुलीच्या सासूबाई, पाहुणे, धावपळ. "दिवाळीला ये. तेव्हा घरी असेल ती." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. इतक्या सगळ्यांचं म्हणणं बरोबर असताना मला करण्यासारखं काही राहिलं नाही.

चौकात मी दोन-तीन दिवस गेलो नव्हतो. गेलो तेव्हा बाई थेट माझ्याकडे आल्या.

"सिस्टर?"

"गुड," मी म्हणालो. "ऑपरेशन गुड. न्यू लिव्हर."

त्यांनी वळून मंडळींना सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारली देणाऱ्या आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हलवत राहिले. एका आजीने डोळे पुसले. त्यांना वाटलं, यकृत माझं. मी ते दिलं आणि इतक्या लवकर उभाही राहिलो, हे कसं शक्य आहे असं कुणाच्या मनात आलं नाही; किंवा आलं असेल तर त्यांनी ते वाघाच्या खाती घातलं.

"टायगर गुड," आजोबा म्हणाले.

मी फोन काढला. भाषांतराच्या चौकटीत "मी नाही, तिच्या मुलीने" एवढं लिहायचं होतं. लिहून बाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मंडळी अजून हसत होती. बाईंनी त्यांना काही सांगितलं नाही. मला माझ्या जागी उभं केलं, शेवटच्या रांगेत डावीकडे, आणि वाघ सुरू केला.

माझी तपासणी मी कॅन्सल केली नाही. कारण विचाराल तर नीट देता येणार नाही. मंजुरी आलेली होती, माझ्या डॉक्टरांनाही आकडा हवा होता. पण खरं म्हणजे मला तो हवा होता. एमआरआयच्या नळीत पडून मी सांगितल्याप्रमाणे श्वास धरत आणि सोडत होतो. रिपोर्ट फोनवर आला, सोबत डॉक्टरांच्या दोन ओळी: छान, असंच चालू ठेवा. चरबी सहा टक्के.

मी बायकोला कळवलं. तिने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं, आणि थोड्या वेळाने, "बरं झालं. खरंच." त्या "खरंच"साठी ती किती वेळ थांबली असेल, याचा मी विचार करत राहिलो.

ताईला मी लगेच कळवलं नाही. ती घरी आली, बोलायला लागली, पण आवाज बारीक, आणि लवकर थकायची. शिवाय आता रोज फोन करायचं कारण नव्हतं. एका शनिवारी मात्र केला. तिने लेकीबद्दल सांगितलं, तिला अजून खाली वाकून बाळाला उचलता येत नाही म्हणून बाळ कसं चिडतं ते सांगितलं. मग म्हणाली, "तुझं ते काय झालं? जायचा होता ना तपासायला?"

"गेलो होतो."

"किती?"

"सहा."

तिने भाऊजींना टीव्ही बारीक करायला सांगितलं.

"म्हणजे चाललं असतं तुझं."

"हो. चाललं असतं."

"वाईट वाटून राहिलं तुला?"

"नाही. कशाला? तू बरी झालीस."

"ते झालंच. मी ते नाही विचारलं."

मी खिडकीतून खाली पाहत होतो. इतक्या वरून चौकातली माणसं ओळखू येत नाहीत.

"थोडं वाटलं," मी म्हणालो.

"वाटू दे. मला वाटलं असतं." ती दमली होती, श्वास ऐकू येत होता. "काचेतून मी पोरीला पाहिलं तेव्हा मला काय वाटलं, ते तू आलास की सांगेन. फोनवर नाही सांगता येत. आता ठेवू? औषधाची वेळ झाली."

"ठेव," मी म्हणालो.

बॅग अजून उघडीच होती. मी सदरे बाहेर काढले, एकेक झटकून हँगरला लावले. दिवाळीपर्यंत नागपूरला सकाळी गार व्हायला लागतं, तेव्हा एक स्वेटर तेवढा आत ठेवला, आणि बॅग कपाटावर न चढवता पलंगापाशीच राहू दिली.